पाळणा, हीटर आणि वीतभर उघडं दार

आदरणीय व्याहीबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असावी, विहीणबाईंचा गुडघा त्यांना जिना चढू देत असावा आणि जावईबापू आमच्या लेकीच्या पुढेपुढे करून एव्हाना दमले असावेत. त्यांना म्हणावं, ही नुसती सुरुवात आहे. इकडे आम्ही खुशाल. थंडी अशी पडली आहे की सकाळी अंगणातली बादली उपडी केली तर आतून बर्फाची दुसरी बादली निघते. पण मी हे पत्र नुसत्या बनियनवर बसून लिहितो आहे, आणि तेही गॅरेजात! कसं, ते सांगायलाच हा सगळा खटाटोप. फोनही करता आला असता. पण मागच्या खेपेला आपण फोन जरा जोरात ठेवलात (माझे कान तिखट, अजून वाजताहेत), तेव्हा म्हटलं, पत्रच बरं. पत्र आदळलंत तरी मला ऐकू येणार नाही.

तर मुद्दा पाळण्याचा. आपण दुकानातून खोक्यात घातलेला पाळणा आणलात, मी फोनवर हसलो, आणि आपण म्हणालात, "आधी तुमचा उभा राहू द्या, मग माझ्याला हसा." व्याहीबुवा, दुसऱ्याच्या पायरीवर बसून स्टुलं ठोकता ठोकता ज्या माणसाने स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, त्याला हे बोल म्हणजे थेट वर्मावर घाव. बरं, घाव नेमका बसला, कारण माझा पाळणा तेव्हा खरोखरच उभा राहत नव्हता. तुम्हाला हे कुणी सांगितलं, ते मी विचारत नाही. (लेकीने सांगितलं. तिचं पोट पुढे आलंय, पण तोंड पहिल्यापासूनच पुढे होतं.)

दोष माझ्या हाताचा नव्हे, गोंदाचा. थंडीत लाकडाचा गोंद लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखा वागतो: आला, बसला, पण कामाला हात म्हणून लावायचा नाही. सांधे जुळवले, क्लॅम्प लावले, भरपूर वेळ दिला आणि चाचणी म्हणून पाळण्यात बटाट्यांची पिशवी निजवली. एक झोका दिला. दुसऱ्या झोक्याला तळ खाली आणि बटाटे कपाटाखाली. मंडळी (म्हणजे आमच्या घरातल्या, मंडळी म्हणून त्या एकट्याच आहेत, पण गर्दीएवढ्या) दारात उभ्या होत्या. मला वाटलं आता बोलतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "आज भाजीला उशीर होईल." एवढंच. नातवंड कधीही येईल असे दिवस, आणि आजोबाचा पाळणा बटाटे धरेना! त्या क्षणी मी पायांत चपला सरकवल्या आणि हार्डवेअरवाल्याकडून प्रोपेनचा हीटर उचलून आणला.

काय वस्तू आहे, व्याहीबुवा! वर रेडिओसारखं हँडल, मागे गॅसचं छोटं नळकांडं, पुढे जाळी. हवं तिथे उचलून न्या, ना चिमणी ना वायर. बटण दाबून धरायचं, आधी टक्, मग फुस्स, आणि बघता बघता जाळी लालेलाल. बोटं सुटी झाली, नाक जागेवर असल्याचं कळलं, रंधा हातात घ्यावासा वाटला. मला नाचावंसं वाटलं. नाचलोही. (कुणी पाहिलं नाही. शेजारचे ड्रायव्हरसाहेब म्हणतात की त्यांनी पाहिलं, पण त्यांना लांबचं दिसत नाही. म्हणूनच त्यांनी बस चालवायचं सोडलं.)

आता आपला स्वभाव असा, की मिळवलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही, मग ती ऊब का असेना. दाराखालून वारा येत होता, तिथे गोणपाट ठासलं. फळ्यांच्या भेगांत लुकण भरलं. किल्लीच्या भोकात मंडळींच्या लोकरीचा बोळा कोंबला. (ती लोकर बाळाच्या टोपड्यासाठी होती, हे नंतर कळलं. ते प्रकरण वेगळं.) खिडकीच्या फटीला जाडसर कागद हवा होता, तोही हाताशी सापडला. मग रिकाम्या डब्यावर बसलो आणि डोळे मिटून उकडायची वाट पाहू लागलो.

थोड्या वेळाने टक्. पाहतो तर हीटर विझलेला. पुन्हा पेटवला, पुन्हा टक्. नळकांडं हलवून पाहिलं, आत भरपूर गॅस खळखळत होता. काखोटीला मारला आणि दुकानात नेला, तर बेटा काउंटरवर नव्या नवरीसारखा शहाणपणाने वागतोय! विझायचं नाव नाही. हार्डवेअरवाल्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घरी आणला, दार लावलं, टक्. साक्षीदार असावा म्हणून ड्रायव्हरसाहेबांना बोलावलं. त्यांचा देह मोठा आणि आपल्या फाटकावर नजर ठेवायची सवय, त्यामुळे ते उघड्या दारातच उभे राहिले. हीटर धडधडीत चालू. ते गेले, मी दार लावलं, टक्. शेवटी खुद्द हार्डवेअरवाला आला. दार उघडंच ठेवून उंबऱ्यावर ऐसपैस बसला, हात शेकले, चहा घेतला आणि "काका, याला काही झालेलं नाही," म्हणताना 'याला' या शब्दावर असा काही जोर देऊन गेला, की मला कुणाला झालंय ते बरोबर कळलं.

माझी खात्रीच पटली, की या यंत्राला माझंच वावडं आहे. चारचौघांत गोड, एकांतात तुसडं. अशी माणसं पाहिली होती, हीटर पहिल्यांदाच पाहिला. एकीकडे डोकंही जड झालं होतं, पण ते मी आपल्या त्या फोनच्या खात्यावर टाकलं होतं.

अशात मंडळी चहा घेऊन आल्या. दोन्ही हातांत कप, म्हणून दार पायानेच ढकललं आणि तसंच राहू दिलं. मी माझी कर्मकहाणी सांगितली. त्यांनी ती संपूर्ण ऐकली (हे क्वचित घडतं), मग दाराखालच्या गोणपाटाकडे पाहिलं, भोकातली लोकर ओळखली आणि म्हणाल्या, "अहो, दार लावलं की विझतो ना? मग तुमचं नाक-तोंड दाबल्यावर तुम्ही तरी बोलाल का?" असं म्हणून त्यांनी खिडकीतला तो जाडसर कागद उपसून काढला आणि उलगडला. व्याहीबुवा, ती हीटरबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती! पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत: खोलीत मोकळी हवा येऊ द्या, हवा कमी पडली की हीटर आपोआप बंद होतो. हवा येऊ द्या म्हणून सांगणाऱ्या कागदानेच मी हवा बंद केली होती.

मी हसायला लागलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो विझला म्हणून. तो विझत नसता तर तुम्ही विझला असता." आवाज नेहमीचाच होता, पण शेवटच्या शब्दाला किंचित चरा पडला. दुसऱ्या कुणाला ऐकू आला नसता. माझे कान तिखट आहेत, मला आला. मग त्यांनी स्वतःच्या हाताची वीत दाराला लावून मोजली, तेवढ्या फटीत वीट ठेवली आणि सांगितलं, की ही वीट हलली तर पाळणा, हीटर आणि मी, तिघांनीही अंगणात झोपायचं.

आणि व्याहीबुवा, काय सांगू! त्या क्षणापासून हीटर टक् म्हणालेला नाही! वीतभर दार उघडं, खिडकीची झडप उघडी, थिनरचे डबे आणि भुसा लांब पडवीत, आणि मधोमध लाल जाळी. फटीतून थंडी येते खरी, पण दोन पावलं आत आली की ती बिचारीही मवाळ होते. ड्रायव्हरसाहेबांनी आपली खुर्चीच आणून ठेवली आहे. ते शेकता शेकता मला वळणं सांगत असतात, लाकडाची नव्हे, रस्त्याची. गोंदानेही अखेर मनावर घेतलं. सांधे असे धरले, की पाळण्यात आधी बटाटे निजवले, मग विटा निजवल्या, मग ड्रायव्हरसाहेब "मी निजून बघू का?" म्हणाले, तेव्हा हात जोडले. आणि झोका? झोक्याचा आवाज नाही! मी कान लावून ऐकलं, नुसता वारा.

तर कळवण्यास अत्यानंद होतो, की माझा पाळणा उभा आहे. आपल्या अटीप्रमाणे मी आता पुन्हा हसण्यास मोकळा आहे आणि हे वाक्य लिहिताना हसतोच आहे. विहीणबाईंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना धीर.

आपला,
बनियनवरचा व्याही

ता.क. वरचं सगळं खरं आहे, पण ते कालचं. काल हीटरने खोली छान तापवून घेतली, मग विस्तवाशेजारी पॉलिश नको म्हणून शहाणपणाने तो विझवला आणि पाळण्याला पॉलिश मारलं. हा हीटर जळताना वाफही सोडतो, हे माहितीपुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर आहे. (मी पहिलं वाचूनच भारावलो होतो.) खोली गार झाली आणि ती सगळी वाफ ओल्या पॉलिशवर बसली. आज पाहतो तर पाळण्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका थर. सगळं खरवडून पुन्हा करायला हवं, आणि आपलं नातवंड काही आजोबाचं पॉलिश वाळायची वाट बघणार नाही. तेव्हा आपला तो खोक्यातला पाळणा दुकानात परत केला नसेल, तर कृपा करून करू नका. पहिली झोप त्यातच होऊ द्या.

ता.क. दुसरा. आपण त्या दिवशी फोनवर रागावून बोलताना एका हाताने तो पाळणा हलवत होतात. मी ऐकत होतो. त्याचा एक सांधा दर झोक्याला कुरकुरतो. तेव्हाच सांगणार होतो, पण आपण फोन आदळलात. हे अजून कुणालाच बोललो नाही, मंडळींनाही नाही. बाळ यायच्या आत पाळणा गाडीत टाका आणि इकडे घेऊन या. सांधा पक्का करून देतो. क्लॅम्प धरायला मला माणूस हवाच आहे, ड्रायव्हरसाहेबांना धरायला दिला तर त्यांचा पाय ब्रेक शोधतो.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. गॅरेजचं दार वीतभरच उघडं दिसेल. आपला घेर पाहता तेवढं पुरणार नाही, वीट सरकवून हवं तेवढं उघडा. मंडळींना मी सांभाळतो. पण आत आल्यावर, सभ्य माणसाच्या सवयीने, ते लावून घेऊ नका.