जर्नल बरोबर आहे

१३ जानेवारी, सोमवार
बी.ए. भूगोलसोबत मायनर म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेतलं. बारावीनंतर दोन वर्षं घरी गेली, ती भरून काढायची. आबांनी घरून, पहूरहून फोनवर बजावलं, "कॉम्प्युटरमंधी नापास झाला ना, तर कॉलेजातून नाव काढून घेतो तुह्यं. गावातल्या हितेंद्रच्या पाइपच्या दुकानात उभं राह्यजो." विश्वास नाही माणसाला! नवं जर्नल आणलं, समास आखले. लॅबच्या नोटिशीत दोन चुका होत्या, त्या लाल पेनने दुरुस्त केल्या.

२० जानेवारी
एका कॉम्प्युटरवर दोन जण. मला सारिका मिळाली. ठरलं असं, की मी प्रोग्रॅम सांगणार आणि ती टाइप करणार. डोकं माझं, बोटं तिची. मी पोहोचतो तेव्हा ती बसलेलीच असते. तिला दुसरं काही येत नसावं.

३ फेब्रुवारी
संताप. लॅबचे शिपाई भिकानाना सोनगीरचे, अहिराणी बोलतात. दारातच म्हणाले, "आज बठ्ठा बंद शेतस, भाऊ. लाइट नही." मुलं लगेच चहाला पळाली. मी बसून पुढच्या चार प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवले, खाली चौकटी आखून आउटपुटही लिहून टाकलं. काय येणार ते मला आधीच माहीत असतं. मग लाइटसाठी कशाला थांबायचं?

१० फेब्रुवारी
तीन आकड्यांची सरासरी. ४०, ५० आणि ६०. जर्नलमध्ये ५० लिहिलंय, पेनने. मशीन म्हणतं ११०! सारिकाला म्हटलं, मशीन खराब आहे, सरांना बोलव. ती हसून म्हणाली, "समाधान भो, तुझं आउटपुट येऊन बसलं, प्रोग्रॅम अजून रस्त्यातच आहे." मग तिने कुठेतरी कंस टाकले आणि लगेच ५० आलं. म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो. हे कोणी बोललं नाही.

२५ फेब्रुवारी
आज पुन्हा तिने मला न विचारता माझ्या दोन ओळी बदलल्या. मी जाब विचारला. ती म्हणाली, "बदलल्या नसत्या तर चाललं नसतं." चाललं नसतं! हिला कोणी अधिकार दिला? रागाने जेवण गेलं नाही.
संकल्प: १) रोज एक तास लॅब. २) आवाज चढवायचा नाही.

२६ फेब्रुवारी
लॅबला गेलो नाही. मन शांत नव्हतं. जर्नलला ब्राउन पेपर घातला.

१० मार्च
सरांना लेखी अर्ज दिला, दीड पान, एकही खाडाखोड नाही. विषय: सहकारी विद्यार्थिनी प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ करीत असल्याबाबत. सरांनी वाचून अर्जाची घडी घातली. म्हणाले, "परीक्षेत तसाही प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर असतो." विजय. सारिकाने फक्त विचारलं, "नक्की ना रे?" घाबरली असणार.

२४ मार्च
जर्नलवर सह्या झाल्या. दहापैकी दहा. सरांनी वर्गात दाखवलं. बाराही प्रोग्रॅम तोंडपाठ. आबांना फोनवर सांगितलं, झालंच समजा.

२ एप्रिल, सकाळ
आज प्रॅक्टिकल. परीक्षक म्हणून धुळ्याच्या मॅडम येणार. चिंता नाही. रात्री तीनदा उठलो, ते उकाड्यामुळे.

२ एप्रिल, संध्याकाळ
खोलीचं दार आपटलं. रागाने.
चिठ्ठी निघाली सरासरीची. पण चार आकड्यांची: १०, २०, ३०, ४०! मी उभा राहून म्हणालो, हे सिलॅबसमध्ये नाही. मॅडम म्हणाल्या, "तीनचं येतं ना? मग एक वाढव." कागदावर आधी आउटपुट लिहिलं: २५. मग टायपिंग. एकेक अक्षर कुठे लपवून ठेवलंय! कंस ९ च्या बटणावर काढलेला आहे, पण दाबलं की ९ येतो. अकरा वेळा दाबलं, अकरा ९ आले. पलीकडच्या रांगेतून सारिका काहीतरी खुणावत होती. मी पाहिलं नाही.
मॅडम आल्या. "उत्तर बरोबर लिहिलंय. आता चालवून दाखव." मी म्हणालो, उत्तर बरोबर आहे तर चालवायचं कशाला? मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

२४ एप्रिल
जर्नल १०. प्रॅक्टिकल ०. नापास.
फेरपरीक्षा ६ मे. आबा फोनवर ओरडलेसुद्धा नाहीत. "सहा तारीख पाह्यतो. मंग गाडी घेऊन येतो सामान न्यायले," एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धुळ्याच्या मॅडमविरुद्ध विद्यापीठाला अर्ज करणार. मसुदा तयार आहे.

२९ एप्रिल, सकाळी १०
अर्ज टाकला नाही. लॅबला गेलो. सुटीमुळे कोणीच नाही. कॉम्प्युटरसमोर बसलो, समोरचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ओरडलो, हाही बंद!
भिकानाना झाडू घेऊन आले. "भाऊ, ते टीव्हीनं बटन शे. खाले डबा शे ना, त्यानं दाबा." मग माझ्याकडे पाहत राहिले. "तुम्ही तीन महिना काय करी ऱ्हायनात?"
खालच्या डब्याचं बटण दाबलं. घरघर आवाज आला आणि त्याने पासवर्ड मागितला. नानांना माहीत नव्हता.
सारिकाला फोन केला. अर्जानंतर पहिल्यांदाच. बराच वेळ वाजला, मग तिने उचलला.
"एक ते आठ, सलग," ती म्हणाली.
टाकलं. उघडलं. पुढे काय करायचं हे विचारणार होतो, तेवढ्यात तिने फोन ठेवला.