न म्हटलेलं कडवं

प्रिय कोरिन,

तुझं पत्र मिळालं. तुझं एकच मागणं होतं: बंबवाल्यांच्या हॉलमधल्या कार्यक्रमात बाबांनी ‘झोपाळ्यावरची पोर’ म्हणायचं नाही. बाबांनी तुझ्यावर केलेलं गाणं तुला आता नकोसं झालंय, हे मला समजतं. पण ते बाबांना सांगायचं कसं, हे मला दोन दिवस सुचलं नाही.

शेवटी जाताना गाडीत सांगितलं. बाबा चालवत होते, आई मागे बँजो मांडीवर घेऊन. वेगळे होऊन इतकी वर्षं झाली, तरी या कार्यक्रमाला दोघं एकाच गाडीतून जातात, कारण आईची गाडी डोंगर चढत नाही. आई म्हणाली, “लाइल, कान गेले का तुझे? पोरगा काय म्हणतोय?” बाबा म्हणाले, “ऐकलं, व्हर्ना. तू तुझा बँजो लाव.” “बँजो लागलेलाच आहे. तुझी गिटारच जन्मात कधी लागली नाही.”

आगीचा बंब बाहेर काढून त्याच्या जागी तीन खुर्च्या मांडल्या होत्या. रेडिओवाल्या डेलने रेकॉर्डिंगसाठी एक माईक छताला टांगला होता, तेवढाच. मी मधे बसलो. “मधे कोणीतरी असलेलं बरं,” असं आईचं म्हणणं. एकाने आपलं गाणं म्हणायचं, मग शेजारच्याने, अशी पाळी फिरत राहते. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या गाण्यात कोणी सूर मिसळत नाही. आईच्या कोंबड्यांच्या गाण्याला लोक खूप हसले. माझं नवं गाणं पडलं नाही, एवढंच म्हणतो.

घेवडा आणि मक्याचा कॉर्नब्रेड खाऊन लोक परत बसले आणि बाबांची पाळी आली. पहिल्या रांगेतून टॅकेटकाकू ओरडल्या, “लाइल, झोपाळ्यावरची पोर! ते ऐकल्याशिवाय मी घरी जायची नाही.” बाबा म्हणाले, “मग इथेच अंथरूण टाका, काकू.” हशा झाला. तो थांबल्यावर बाबा म्हणाले, “ही पाळी मी सोडतो.” कोरिन, मी बाबांना पाळी सोडताना कधीच पाहिलं नव्हतं.

आता पाळी माझी. पण मी सूर जुळवतोय तोवर काकूंनीच ते गाणं सुरू केलं आणि सगळ्या हॉलने धरलं. लोकांना कसं थांबवायचं, ते मला सुचलं नाही. बाबांनी तळहात तारांवर सपाट ठेवला होता. आई जमिनीकडे बघत होती.

शेवटच्या कडव्यात बाप घरी येतो आणि पोर झोपाळ्यावरून उडी मारते. “गाण्यात तरी घरी आलात,” असं तू बाबांना एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होतीस. पण लोकांना धृपद पाठ असतं, कडवी रेटून नेतात. शेवटच्या कडव्याशी सगळे अडले. काकूंनी पहिला शब्द घेतला, पुढचा आठवेना, म्हणून बाबांकडे पाहिलं. बाबांनी दिला नाही. आईला ते कडवं येतं, मलाही येतं. आम्हीही दिलं नाही. मग लोकांनी पुन्हा धृपद म्हटलं आणि गाणं तिथेच संपलं. अंधार पडलाय, पोर बसलीय, रस्त्यावर कोणी नाही. टाळ्या जोरात झाल्या. काही राहून गेलं, असं कोणाला वाटलेलं दिसलं नाही. परतताना आई म्हणाली, “आज पहिल्यांदा खरं म्हटलं गेलं.” बाबांनी गिअर बदलला.

डेलला ते रेडिओवर लावायचंय. त्या दिवसाचं तेच सगळ्यात चांगलं उतरलंय, असं तो म्हणतो. परवानगी मागायला तो बाबांकडे आला, तर ते म्हणाले, “ते कोरिनचं आहे. वेंडेलला सांग, तिला विचार म्हणावं.” म्हणून हे पत्र. मी रेकॉर्डिंग नीट ऐकलंय, त्यात बाबांचा आवाज कुठेही नाही. तू नको म्हणालीस तर डेल ते पुसून टाकेल, तसा शब्द मी त्याच्याकडून घेतलाय. काय ते कळव, एका ओळीत कळवलंस तरी चालेल. बाबांनी मला पुन्हा काही विचारलेलं नाही. पण पोस्टमनची गाडी वळणावर दिसली की आजकाल तेच माझ्याआधी फाटकाशी जाऊन उभे राहतात.

तुझाच धाकटा भाऊ,
वेंडेल