वाकडीचं रक्त

३ मार्च
साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आमच्या पैदास केंद्रातल्या प्रत्येक रानमांजराचं रक्त तपासणार — आधी मोठ्यांचं, मग पिल्लांचं. रक्त नव्वद टक्के रानाचं नसेल, तर ते रानमांजर नाही, संकर. "संकर पोसायला आपण काय अनाथाश्रम काढलाय?" म्हणजे इंजेक्शन! डॉक्टर खाली मान घालून नखं बघत बसले. शहाणे!

४ मार्च
वाकडी जाणार. शेपटीला बाक, पोटावर पांढरा डाग. घरमांजराचं रक्त आहे हे कुणीही सांगेल. बाटलीने दूध पाजून वाढवलीय मी तिला. आणि तो सरदार! जाड शेपटी, ठसठशीत पट्टे, माहितीपत्रकावर फोटो. इथली निम्मी पिल्लं त्याचीच. माझा अंगठा फोडलाय मेल्याने.

७ मार्च
रक्त घेतलं. नळ्यांवर चिठ्ठ्या मी चिकटवल्या. वाकडीच्या नळीवर सरदारची, सरदारच्या नळीवर वाकडीची. मरू दे त्याला!

८ मार्च
छान झोप लागली.

१९ मार्च
निकाल आले. सरदार अठ्ठ्याण्णव. वाकडी बहात्तर.
दोनदा वाचलं. म्हणजे अठ्ठ्याण्णव माझ्या वाकडीचे! आणि संकर तो! पंधरा वर्षं पिंजरे झाडले, पण मांजर काही ओळखता आलं नाही मला.

२० मार्च
साहेबांना सगळं सांगून टाकलं. पाया पडले. म्हटलं, पुन्हा रक्त घ्या, मला कामावरून काढा. त्यांनी उठून दार लावलं.
"बाई, सरदार संकर म्हणजे त्याची पिल्लंही संकर. मग आपण इतकी वर्षं इथे काय केलं? कागदावर आहे तेच खरं."
"आणि वाकडी?"
"कागदावर बहात्तर." मग जरा मऊ आवाजात — "धरायला तुम्हीच या. दुसऱ्या कुणाकडे जात नाही ती."

२१ मार्च
धरलं. आपणहून मांडीवर आली, नेहमीसारखी घुरघुरत. डॉक्टर म्हणाले, "गुणी आहे हो!" माझी स्वतःचीच किळस येते. सरदार मेला असता तर मी आज खुशीत घरी आले असते.

२४ मार्च
फळ्यावर नवा नियम. पिल्लांचे निकाल यायचे आहेत ना — साहेबांनी अट खाली आणली. आता सत्तरच्या वर असेल ते रानमांजर.
वाकडी कागदावरसुद्धा बहात्तर होती.