बटन, बॉबिन आणि दाराचं रबर

बर्नली, ४ जानेवारी २००३

ती. एडनाताईस सिरिलचा सा. न. वि. वि.

कासवांना खर्च तो काय, असं तू म्हणालीस. तर ऐक. फ्रिज दुकानातलाच जुना, म्हणून फुकट. त्याच्या दाराचं नवं रबर अकरा पौंड. ग्रॅम दाखवणारा काटा चौदा. थर्मामीटर दोन, कारण एकावर माझा विश्वास नाही, त्यांचे सहा. शिवाय नाताळात पुडिंग नाही, कारण ते भांडं तीन आठवडे तुझ्या लेकरांच्या कोमट अंघोळीत अडकलं होतं. फुकटची कासवं एकतीस पौंड आणि एका पुडिंगाला पडली.

काल दोघांना भोकं पाडलेल्या डब्यांत, तळाशी कागद आणि वर माती घालून, हिवाळ्याच्या झोपेसाठी फ्रिजमध्ये निजवलं. बटन ११८ ग्रॅम, बॉबिन १२६. पारा पाचावर, हलत नाही. तू दिलेली सूचनांची दोन पानं चष्म्याच्या घरात जपून ठेवली आहेत. ताई, हातगाडीवर फ्रिज ओढून मी धंदा उभा केला. चाळीस वर्षांत माझ्या फ्रिजनं मला दगा दिलेला नाही. रबर असं बसवलंय की मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर जाणार नाही.

खुब्याच्या ऑपरेशनच्या आधी नीट जेव. फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं, तेव्हा खुशाली पत्रानंच. हिलरीच्या घरी सगळ्यांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सिरिल

स्कार्बरो, ७ जानेवारी

चि. सिरिल यास अनेक आशीर्वाद.

मुंगीचा श्वास बाहेर जाणार नाही म्हणतोस, मग कासवाला हवा कुठून मिळणार, शहाण्या? ती पानं तू वाचली नाहीस. चष्म्याच्या घरात जपलीस, चष्मा लावून वाचली नाहीस. तिसऱ्याच ओळीत लिहिलंय की दार रोज उघडून हवा खेळवायची. हे पत्र हातात पडेल तसा ऊठ आणि दार उघड. चहा नंतर.

वजन बघ. दर शंभर ग्रॅमला दहा कमी झाले तर संपलंच समज, त्याआधी उठवायचं. तळाचा कागद ओला दिसला, म्हणजे लघवी झाली, तरी उठवायचं. तीन वर्षांची पोरं आहेत, पहिलीच झोप आहे. त्यांच्या आईचं मागच्या हिवाळ्यात काय झालं, ते तुला ठाऊक आहे. हे दोन जीव सोडले तर तिचं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

हिलरी म्हणते, मामा फ्रिजवाला आहे, काळजी कसली. तिला म्हटलं, म्हणूनच.

रागावले तरी तुझीच,
एडना

बर्नली, ९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

पत्र दारातच, सपाता घालून वाचलं. सहा दिवसांनी दार उघडलं. बॉबिनच्या पायाला बोट लावलं, तिनं तो हळूच आत घेतला. बटनानं घेतला नाही. पुन्हा लावलं, नाही घेतला. काट्यावर १११. सात ग्रॅम गेले आणि डब्यातला कागद ओला होता.

ढोरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गारठ्यात पाय उशिरा हलतो, मेला असं ठरवू नका. सावकाश उबेत आणा, एकदम शेगडीजवळ नको. तेव्हा तो घरातल्या बोळात, टेबलावर आहे. शेजारच्या मिसेस पार्जिटर डोकावून म्हणाल्या, मयताचा काळा कोट इस्त्रीला टाकू का? मला हसू आलं नाही. दुकान उघडलेलं नाही. मी घाबरलोय असं समजू नकोस, नुसती भूक मेली आहे.

चुकलं. पानं आता चारदा वाचली.

सिरिल

स्कार्बरो, ११ जानेवारी

चि. सिरिल यास आ.

त्रेसष्ट वर्षांचा झालास, तरी पत्रावरचं अक्षर शाळेत छडी खाल्ल्यावर यायचं तसंच. बैस, काहीतरी खा.

एक सांगायचं राहिलंय. हिलरीलाही सांगितलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात शेडमध्ये हिव पडलं, त्या आठवड्यात मला त्यांच्या आईची पेटी उघडायचा धीरच झाला नाही. आत काय दिसेल याची भीती वाटली. रोज उद्यावर ढकललं. उघडली तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर ऑपरेशन मार्चमध्ये करू म्हणत होते. जानेवारी मीच मागून घेतला. पुन्हा ते झाकण उचलायला नको, म्हणून पोरं तुझ्या गळ्यात बांधली. चूक तुझी एक, माझी मोठी. तू निदान उघडलंस.

बटन गेला असेल तर तसंच लिही. पहिल्या पत्रासारखं गोड लिहू नकोस.

परवा ऑपरेशन. वाट पाहते.
एडना

बर्नली, १६ जानेवारी

ती. ताईस सा. न.

हिलरीचा फोन आला, खुबा बसला म्हणे. आता माझं ऐक. तिसऱ्या दिवशी बटनानं एक डोळा उघडला. पुडिंगच्या भांड्यात ठेवला तर मान बुडवून इतकं पाणी प्यायला की मला मोजायचं सुचलं नाही. काल उबेच्या दिव्याखाली कोबीच्या पानाचा तुकडा तोडला, थुंकला, मग खाल्ला. आज ११७. त्याला या वर्षी झोप नाही, दिवाच.

पेटीबद्दल लिहिलंस, बरं केलंस. पुढच्या वर्षी झाकण दोघं मिळून उचलू. तू सूचना वाचून दाखव, मी हात चालवतो.

लवकर चालती हो, आणि हा भाऊ जसा आहे तसा चालवून घे.

सिरिल

ता. क. काल संध्याकाळी माझ्या फ्रिजचा थर्मोस्टॅट अडकला आणि पारा एकावर आला. वेळेत पाहिलं. तीन तास खपलो, मला दुरुस्त करता आला नाही. बॉबिन आता मिसेस पार्जिटरच्या फ्रिजमध्ये झोपली आहे.