मी राजीनामा दिलेला नाही

परळ, रविवार

तीर्थरूप मामांस,
ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा मोतीबिंदू काढला का? आमची शरीरे ठीक आहेत, मनाचे लिहितो.

मिरज सोडून इथे पाळक झाल्याला दीड वर्ष झाले. प्रवचन चालू असताना मंडळी मोबाइलमध्ये पाहते (पवित्र शास्त्र वाचत असावी, असे मी धरून चालतो). म्हणून मागच्या रविवारी गोष्ट सांगायला घेतली. पावणेतीनशे वर्षांपूर्वी आयर्लंडहून अमेरिकेत गेलेले प्रेस्बिटेरियन पंथाचे पाळक ह्यू मकॅलन यांची. बिचारे जहाजातून उतरले ते थेट रानात. मंडळी ओंडक्यांच्या खोपटात जमायची, त्यांच्या उच्चारांना हसायची, स्तोत्राच्या चालीवरून भांडायची (आमच्याकडे कीबोर्ड की तबला, यावरून नाताळात मंडळीच्या पंचांपैकी दोन वडील एकमेकांशी बोलायचे थांबले). आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला मकॅलन बारा मैल घोडा हाकत जायचे, तर आजारी शिकारीला गेलेला! सांगता सांगता मी इतका रंगलो, की मकॅलनच होऊन बोलू लागलो, "बंधूंनो, मी थकलो. तुम्हांला दुसरा मेंढपाळ मिळो." एवढे बोलून मी खाली बसलो.

निम्मी मंडळी नेहमीप्रमाणे उशिरा आलेली. मकॅलन कोण हे त्यांना ठाऊकच नाही. सेक्रेटरी स्वप्नील उठून म्हणाला, "पाळकसाहेब, तुमचा निर्णय जड अंतःकरणाने स्वीकारतो."

मी "अहो, तसं नाही..." म्हणालो, तर पुढच्या बाकावरच्या शांताबाई म्हणाल्या, "बघा, किती नम्र आहेत!"

आज निरोप समारंभ झाला. शाल, बिर्याणी, चाकांची मोठी बॅग. भाषणे इतकी सुंदर, की मध्ये बोलणे मला असभ्यपणाचे वाटले. बायको बकुळा कोपराने ढोसत होती, "सांगा की हो!" सगळे रडले, मामा. एकानेही मोबाइल काढला नाही. पण "थांबा" असेही एकानेही म्हटले नाही. तेवढे ऐकायला मी हॉल रिकामा होईपर्यंत बसून होतो.

तुमचा भाचा,
शमुवेल

ता. क. : तुम्ही पाळकपदावरून निवृत्त असलात तरी इथे तुमच्या शब्दाला मान आहे. स्वप्नीलला फोन करून सांगाल का, की मी कुठेही जात नाही?

ता. क. २ : माझ्या जागी येणाऱ्या नव्या पाळकाच्या शिफारशीचे पत्र स्वप्नीलने आत्ताच दाखवले. तारीख परवाची, शुक्रवारची आहे. खाली सही तुमची दिसते. खुलासा व्हावा.