भूमध्य समुद्रात भेटलेला यिशुनकर

प्रिय आत्या,

आज सकाळी लिमअंकल तुझ्या साड्या घेऊन आले. दोन भरगच्च पिशव्या. प्रत्येक साडी धुतलेली, इस्त्री केलेली, आणि घडी मात्र चादरीसारखी! इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून त्यांना साडीची घडी काही जमली नाही बघ. कपाट उघडायला त्यांना एवढे महिने लागले. चहा प्यायले, इराच्या परीक्षेची चौकशी केली आणि "ओके, आय गो फर्स्ट" म्हणून निघून गेले.

मी त्या पिशव्यांपाशी बसून राहिले आणि वाटलं, आता तुला लिहायलाच हवं. तुला यातलं बरंचसं माहीत आहे. पण मला ते परत सांगावंसं वाटतंय, आणि शेवटचा भाग तर तुला ठाऊकच नाही.

आठवतं, तू उन्हाळ्यात आमच्याकडे सिंगापूरला, यिशुनच्या फ्लॅटवर आली होतीस? मी ऑफिसला चांगीला, नितीन त्याच्या कामावर, इरा शाळेत. तू दिवसभर पेपर वाचायचीस. एका संध्याकाळी मी आत पाऊल टाकलं तर तू जाहिरातीचं पान पुढे धरलंस. अथेन्सहून इस्तंबूलला जाणारी छोटीशी बोट. प्रवासी जेमतेम शंभर. जुनी ग्रीक बंदरं, बेटं, रोज एका अभ्यासकाचं व्याख्यान.

"मंजू, साताऱ्यात मी जन्मभर मुलींना भूमध्य सागरी हवामान शिकवलं. हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा, पिकं ऑलिव्ह आणि द्राक्षं. पण एक ऑलिव्ह म्हणून पाहिलं नाही गं डोळ्यांनी! तू येतेस का बरोबर?"

मी हो म्हणायच्या आधीच नितीन म्हणाला, "जा तुम्ही दोघी. आम्ही इथे मॅगी खाऊन मजा करतो." इरा म्हणाली, "गो लाह, आत्याआजी!" राहिले बाबा. ते फोनवर काय म्हणाले ते मी अजून लोकांना सांगते.

"ताई, या गुडघ्यांनी? काशीला जा, रामेश्वरला जा. ग्रीसमध्ये आपलं कोण आहे?"

"काशीला तरी कोण आहे रे आपलं?" असं म्हणून तू फोन ठेवलास!

काय थाट होता त्या बोटीचा! पहिल्याच दिवशी एका मुलीने येऊन अदबीने विचारलं, मॅडम, उशी कुठली आवडेल? आणि उशांचा मेन्यू पुढे ठेवला. तू तो अगदी गंभीरपणे वाचलास, दार लागल्यावर मात्र पलंगावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. जेवणाच्या टेबलावर तुझ्या पुढ्यात ऑलिव्ह आलं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या वर्षांचं पीक एकदाचं तोंडात गेलं! तू चावलंस, थांबलीस आणि म्हणालीस, "न मुरलेलं करवंदाचं लोणचं." तरी पुढच्या वाटीला तू नको म्हणाली नाहीस.

त्याच टेबलावर समोर एक ठेंगणे, टक्कल पडलेले चिनी गृहस्थ एकटेच बसले होते. तुझा स्वभाव! तूच विचारलंस, कुठले तुम्ही?

"सिंगापूर."

"आम्हीही तिकडूनच आलो. सिंगापुरात कुठे?"

"नॉर्थ साइड. यिशुन."

मी काटा खाली ठेवला. "यिशुन? आमचा फ्लॅट यिशुनलाच आहे!"

"आय्या, सेम सेम!" त्यांनी टेबलावर थाप मारली. मग कळलं की आमचं मेट्रोचं स्टेशन तेच, भाजीबाजारही तोच. एवढ्या दूर येऊन शेजारी भेटला! ते लिमअंकल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. आयुष्यभर बंदरातले पायलट, म्हणजे आलेलं मोठं जहाज सुखरूप धक्क्याला लावून देणारे. हजारो जहाजांवर चढले-उतरले, पण प्रवासी म्हणून कधी बसलेच नव्हते. म्हणून मुलाने हे तिकीट काढून दिलं होतं.

डेलॉसचा दिवस आला. तू आदल्या संध्याकाळचं व्याख्यान वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं ऐकलं होतंस. त्या बेटाला धक्का लहान, त्यामुळे आपल्या बोटीतून छोट्या होडीत उतरून जायचं. आणि नेमका वारा सुटला. होडी वर यायची, खाली जायची. मधल्या फटीत काळंनिळं पाणी. तू शिडीच्या तोंडाशी आलीस आणि थिजलीस.

"मंजू, तू जा. मी इथूनच दुर्बिणीतून बघते."

मागे माणसं खोळंबलेली. तू तर मागे वळलीही होतीस. तेवढ्यात होडीत आधीच उतरलेल्या लिमअंकलनी खालून हाक मारली.

"मिस कुसुम! डोंट लुक अ‍ॅट वॉटर. लुक अ‍ॅट मी."

मग त्यांनी तुला समजावलं. होडी खाली जात असताना पाय टाकायचा नाही. ती वर येते, क्षणभर थांबते, तेव्हाच टाकायचा. घाई नाही. एक लाट जाऊ दे. अजून एक जाऊ दे. खलाशी चुळबुळ करायला लागले तर अंकलनी नुसता हात वर करून त्यांना गप्प केलं.

"नाऊ!"

आणि तू गेलीस! मी पाहिलं तेव्हा तू होडीत उभी होतीस, त्यांचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि तोंडाने "अगं बाई, अगं बाई" चाललं होतं.

त्या बेटावर तू काय फिरलीस! रणरणत्या उन्हात, पांढरी टोपी आणि हातमागाची साडी. झिजलेले दगडी सिंह, घराच्या जमिनीवर रंगीत खड्यांनी काढलेले मासे, अंगणाखालची पावसाच्या पाण्याची टाकी. तू वाकून टाकीत डोकावलीस आणि म्हणालीस, "बघ, हिवाळ्यातला पाऊस इथे साठवायचे. मी शिकवत होते ते खरं होतं गं!" जणू इतकी वर्षं तुला शंकाच होती.

मग अभ्यासकबाईंनी सांगितलं, हे बेट इतकं पवित्र मानत की इथे कुणाला जन्म घ्यायची किंवा मरायची परवानगीच नव्हती. आजारी माणसाला पलीकडच्या बेटावर नेत.

लिमअंकल लगेच म्हणाले, "गुड! देन यू अँड मी, स्टे हिअर."

सगळे हसले. तू मात्र हसता हसता माझ्याकडे बघायचं टाळलंस. आत्या, तुझ्या मनात काय आहे ते मला तेव्हाच कळायला हवं होतं ना!

इस्तंबूल येईपर्यंत मी तिसरी झाले होते. र्‍होड्सच्या गल्ल्यांतून तुम्ही दोघं पुढे, मी मागे फोटो काढत. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, थोडं वाटलं. पण तू इतकी बोलताना मी कधी पाहिली नव्हती.

परत आल्यावर तुमच्या दोघांच्या सकाळी यिशुनच्या तळ्याकाठी फेऱ्या, नंतर हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी. एका रविवारी अंकलनी मला लिटिल इंडियात डोसा खायला बोलावलं. मला एकटीला! समोर डोसा निवत होता आणि ते रुमालाने कपाळ पुसत होते.

"मंजू, आय आस्क युवर आंटी टू मॅरी. यू अँग्री ऑर नॉट?"

"ती काय म्हणाली?"

"शी से, आस्क मंजू इफ यू कॅन ईट वरण-भात."

मी तिथेच हसायला लागले. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

लग्न का केलं नाहीस, असं मी लहानपणी विचारलं की तू म्हणायचीस, "कुणी आवडलं नाही." एवढंच. कसली तक्रार नाही की दुःख नाही. आणि आता सत्तरीला टेकताना कुणीतरी आवडलं होतं. ते तू किती साधेपणाने सांगितलंस!

बाबांना मात्र पचलं नाही. फोनवर म्हणाले, "आणि जेवणाचं काय? तो माणूस काय काय खात असेल!"

"मी त्याच्या ताटात बघणार नाही, तो माझ्या ताटात बघणार नाही. संपलं," तू म्हणालीस.

"लोक विचारतील, ताई."

"त्यांना पत्ता दे. यिशुनला या म्हणावं, पोहे खाऊ घालते."

रजिस्ट्रारसमोर सही करताना तू मोरपंखी पैठणी नेसली होतीस. बाबा आले नाहीत. नंतर कधी इथे आलेच तर बोलायचे, पण 'मिस्टर लिम' म्हणून, ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं. तू त्याबद्दल एकदाही कुरकुरली नाहीस. पण त्यांचा फोन ठेवल्यावर तू खिडकीशी जाऊन उभी राहायचीस, ते मी पाहिलंय.

आणि एक विचारू? तुला धाप लागत होती ते का लपवलंस? तळ्याच्या फेऱ्या थांबल्या तेव्हा "ऊन फार आहे" म्हणालीस. सिंगापुरात ऊन कधी नसतं गं! थोडी आधी बोलली असतीस तर... जाऊ दे. तुझे शेवटचे दिवस शांत होते. अंकल उशाशी बसून तुला पेपरातलं हवामान वाचून दाखवायचे. अथेन्सचं सुद्धा.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते.

बाबा पहिल्या विमानाने आले. दिवस झाल्यावर अस्थींचा प्रश्न निघाला. बाबांना त्या माहुलीला कृष्णेत न्यायच्या होत्या. आजी-आजोबांच्या तिथेच सोडल्या होत्या ना. अंकलना समुद्र हवा होता, पण ते त्यांनी फक्त माझ्या कानावर घातलं. बाबांसमोर नुसते कलशापासून उठेनात. मी मध्ये अडकले होते, दोघांचंही खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी इराच्या टॅबवर तुझे बोटीवरचे फोटो पाहिले. यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते त्यांनी. सगळे पाहिले, परत पहिल्यापासून पाहिले. मग मला म्हणाले, "मंजू, ताई अशी हसायची? मला कसं माहीत नाही?" आणि थोड्या वेळाने, "समुद्रातच सोडू."

आम्ही होडी करून दक्षिणेच्या खुल्या पाण्यात गेलो. बाबा मांडी घालून मंत्र म्हणत होते. ऊन लखलखत होतं. अंकल उभे राहून बाबांच्या डोक्यावर छत्री धरून होते, स्वतः उन्हात. फुलं पाण्यावर पसरली. बाबांनी डोळे पुसले, वर पाहिलं आणि मराठीतच म्हणाले,

"दाजी, बसा आता. दमलात."

अंकलनी माझ्याकडे बघितलं. "व्हॉट इज दाजी?"

"बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात, अंकल."

अंकलनी छत्री मिटली आणि ते बाबांच्या शेजारी, अगदी खेटून बसले. धक्का येईपर्यंत दोघं तसेच बसून होते.

आत्या, परवा बाबांचा फोन आला होता. दिवाळीला दाजींना घेऊन ये म्हणाले. आईने आत्ताच विचारलंय, त्यांना चकली तिखट चालेल का?

मी नेणार आहे त्यांना. तुझ्या शाळेचं फाटक दाखवीन, कंदी पेढे खाऊ घालीन, पहाटे तेल लावून कढत पाण्याने आंघोळ घालायला बाबा आहेतच. घरात त्यांना पाहुणा म्हणून बसवून ठेवणार नाही, जावयासारखे लाड करीन आणि घरच्यासारखं कामालाही लावीन. हा माझा शब्द.

तुझी,
मंजू