माझ्या हाताजवळचा ब्रेक

प्रिय ठमे,

फोनवर तू दोनदा विचारलंस, गाडी कुठली ठरली म्हणून, आणि दोन्ही वेळा मी दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. दुपारी तीन वाजता कुठलं दूध उतू जायला! तुझे बाबा समोर बसले होते. आज ते केस कापायला गेलेत, म्हणून घाईघाईनं लिहायला बसले आहे.

तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नाही. एक पांढरी, एक करडी. दोन्हींना चार दारं, दोन्हींची डिकी ऐसपैस, किंमतही जवळपास सारखी. शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या बहिणी. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकं पसरलेली असतात, मीठ हवं तर इंजिनाखालून काढावं लागतं. पुढच्या महिन्यात तुम्ही इकडे राहायला आलात की छोटीला शाळेत आजोबांनी सोडायचं, हे तुम्ही बापलेकींनी परस्पर ठरवून टाकलंत. मला कुणी विचारलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, आणि चुकले.

कारण मला त्यांच्या पायाची धास्ती वाटते. मागच्या महिन्यात ते जिना चढून वर आले आणि टीव्ही लावून बसले. डाव्या पायात चप्पल होती, उजव्या पायातली तिसऱ्या पायरीवर पडली होती. त्यांना पत्ताच नव्हता. मी ती गुपचूप आणून दाराशी ठेवली. साखरेमुळे पाय बधिर होत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता तो पूर्वीसारखा होणार नाही. तुला हे कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे.

तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, आणि त्या उजव्या पायानं कितीजणांना वाचवलं असेल याची गणती नाही. अजूनही दुसरं कुणी चालवत असलं की ते शेजारी बसून पायाखालचं रबर दाबत राहतात. तुझ्या नवऱ्याच्या गाडीतली चटई त्यांनीच झिजवली आहे, उगाच त्या बिचाऱ्याला बोलू नकोस. आता त्याच पायावर भरवसा राहिला नाही, हे त्यांना सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

मागच्या गुरुवारी करडी चालवून बघायला गेलो. शोरूममधल्या बाई मागे बसल्या होत्या. त्या बाबांकडेच गाडी शिकलेल्या, त्यामुळे सारखं 'सर, सर' चाललं होतं. मंडईच्या वळणावर एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. मला दिसली, बाबांनाही दिसली. 'जा बाई, थांबतो,' असं ते म्हणालेसुद्धा. पण गाडी थांबेना. पाय ब्रेकवर आहे असं त्यांना वाटत होतं, आणि तो शेजारी नुसती चटई दाबत होता. मी दोघांच्या मध्ये हात घातला, तर तिथं हातब्रेकच नाही, पेला ठेवायचा खळगा! करडीत त्याचं बटण आहे, तेही पलीकडे, त्यांच्या खिडकीपाशी. मी किंचाळले. त्यांनी खाली पाहिलं, पाय उचलून ब्रेकवर ठेवला, आणि गाडी सायकलच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. नवी गाडी आहे, ब्रेक कडक आहेत, असं बाबा म्हणाले. परत येईपर्यंत मागून एकदाही 'सर' ऐकू आलं नाही.

मला वाटलं, आता हे खूळ डोक्यातून जाईल. पण शनिवारी सकाळी शर्टाला इस्त्री करून ते पुन्हा तयार. या वेळी पांढरी. मला शेजारी बसवलं, किल्ली मात्र लावली नाही. माझा हात धरून मधल्या हातब्रेकवर ठेवला आणि म्हणाले, 'ओढ. झटका देऊ नकोस, दमानं ओढ.' शिकायला येणाऱ्यांशी बोलायचा तोच आवाज. मी ओढला. त्यांनी सोडला, मी पुन्हा ओढला. असं पाच वेळा. तू रांगत होतीस तेव्हापासून मी मला गाडी शिकवा म्हणून मागे लागले होते, आणि 'तुला कशाला, मी आहे ना' म्हणून त्यांनी उडवून लावलं होतं. हा माझा पहिला धडा. मग दार उघडून त्यांनी शोरूमच्या बाईंना सांगितलं, पांढरी पक्की.

ठमे, त्यांना सगळं कळलंय. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा हा असा: पाय त्यांचा, हात माझा आणि मागच्या सीटवर छोटी. मला नाही गं झेपणार हे. माझा हात एकदा जरी उशिरा पोचला तर मी जगू शकणार नाही. 'गाडी चालवू नका' एवढे तीन शब्द मी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितले, त्यांच्यासमोर फुटत नाहीत. माझं नाही, पण तुझं ते ऐकतात. सोमवारी अकरा वाजता गाडी ताब्यात मिळणार आहे. तू रविवारी ये, छोटीला न आणता एकटी ये. गाडी घेऊ, पांढरीच घेऊ, पण किल्ली तू माग. आणि त्यांना शेजारी बसव. तो हातब्रेक त्या सीटवरूनही हाताला येतो, आणि हात त्यांचे अजून खणखणीत आहेत.

रविवारी दारातच उभी असलेली,
तुझीच आई